रिचार्ज, वायफाय न् केबलचा खर्च कसा कमी केला, आमच्या घरचं सांगते

दिवाळी झाल्यावर एका रविवारी आम्ही सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवले, एक जुनी वही घेतली आणि वर्षभरात मोबाईल, वायफाय, केबल न् ओटीटीवर किती गेले ते लिहून काढलं. थोडे थोडे जातात म्हणून कळत नाही हो, पण एका पानावर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं एवढ्यात तर नवीन कूलर आला असता. खरंच आला असता. तुम्ही पण आधी हेच करा, यूपीआयची हिस्ट्री उघडा न् वहीत लिहा, कोणाचा नंबर, किती दिवसांचा पॅक, तो माणूस खरंच काय वापरतो.

पहिली गोष्ट २८ दिवसांची. आपल्याला वाटते महिन्याचं रिचार्ज केलं, पण २८ दिवसांचा पॅक वर्षात १३ वेळा मारावा लागते. समजा पॅक ३०० चा आहे तर १२ महिन्यांचे ३६०० नाही, ३९०० जातात, आणि घरात चार नंबर असले तर १२०० रुपये नुसते त्या तेराव्या रिचार्जचे. ट्राय म्हणजे फोन-केबल कंपन्यांचे नियम करणारी सरकारी संस्था, तिने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवा, म्हणून हे पॅक असतात, फक्त ॲपमध्ये खाली शोधावे लागतात. पॅक पाहताना किंमत भागिले दिवस करायचं, रोजचा भाव काढायचा, मग कोणता स्वस्त ते लगेच दिसते. ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा बहुतेक वेळा रोजच्या भावात बरा पडते, पण पैसे एकदम द्यावे लागतात, तेव्हा घरातले सगळे नंबर एकाच महिन्यात आणू नका.

दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गळती, एकच इंटरनेट दोनदा विकत घेणे. घरात वायफाय आहे, माणूस दिवसभर घरात आहे, तरी मोबाईलवर रोजचा दोन जीबीचा पॅक. सेटिंगमध्ये जाऊन महिन्याचा मोबाईल डेटा किती वापरला ते पाहा. माझ्या मिस्टरांचा डेटा नागपूरजवळ बुटीबोरीला कामावर असल्याने खूप जातो, त्यांचा पॅक आम्ही तसाच ठेवला, माझा मात्र महिन्यात चार जीबी पण होत नव्हता न् मी रोजच्या दोनचे पैसे भरून राहिली होती. माझा लहान पॅक केला. घरात रेंज कमी येत असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

आता आई-बाबांचे, सासूबाईंचे नंबर, इथे जरा थांबून वाचा. ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांना डेटाचा पॅक कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला, आता कंपन्यांना नुसता कॉल न् एसएमएसचा पॅक द्यावाच लागते, तेव्हा दुकानात गेल्यावर "बिना डेटावाला पाहिजे" असं स्पष्ट म्हणा. पण पैसे वाचवायला म्हाताऱ्या माणसाचा नंबर बंद पडू देऊ नका! बँक, आधार, गॅस, पेन्शन सगळ्याचा ओटीपी तिथेच येते, आणि ९० दिवस काहीच वापर नसला तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला पण मिळू शकते.

कंपनी बदलायची असेल तर इंग्रजीत पोर्ट लिहून, एक जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करायचा, नव्या कंपनीला द्यायचा कोड येते, तो चार दिवस चालते. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं पाहिजे. जुन्या सिममध्ये उरलेला पॅक न् बॅलन्स नव्याकडे येत नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच करा. सगळे नंबर एकदम पोर्ट करू नका, आधी एक करा, मागच्या खोलीत रेंज येते का, नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत येते का ते महिनाभर पाहा. आणि पोरगं पुण्याला शिकायला गेलं तर सर्कल, म्हणजे मोबाईल कंपन्यांचा विभाग, तेच आहे, मुंबईचं मात्र वेगळं.

वायफायच्या जाहिरातीत ४९९ असते, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. राउटर, फिटिंग, डिपॉझिट हे पण आधीच विचारा. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस इतका नेटचा वेग पुरते, तेव्हा मे महिन्याच्या उन्हात सगळे घरात बसले, दोन मोबाईल न् एक टीव्ही एकदम चालू, तरी ३० ते ५० एमबीपीएसमध्ये भागते, शंभर-दोनशेचा आग्रह कशाला. कनेक्शन बंद करताना राउटर परत दिल्याची पावती घ्याच, आमचा राउटर एक माणूस असाच पावती न देता घेऊन गेला आणि डिपॉझिटसाठी आम्ही तीन महिने फोन करत बसलो.

राहिला टीव्ही. बिलात दोन भाग असतात, एक नेटवर्कचं भाडं न् दुसरे चॅनलचे पैसे. ते भाडं आधी २०० चॅनलपर्यंत १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, यापेक्षा जास्त घेता येत नव्हतं, २०२४ मध्ये ती मर्यादा काढली, आता केबलवाल्या भाऊला वेगळं विचारायचं की तुमचं भाडं किती. मग चॅनल. आठवडाभर खरंच काय पाहिलं ते लिहा, आमच्याकडे दोन मराठी सिरियलचे, एक बातम्यांचं न् क्रिकेट एवढंच निघालं आणि पॅकमध्ये भलत्याच भाषांचे चॅनल भरलेले. एकेक चॅनल सुटं मागायचा हक्क आपल्याला २०१९ पासून आहे. क्रिकेटचं चॅनल सिरीज संपली की काढून टाका. दुसरा टीव्ही असेल तर त्याचे पूर्ण पैसे घेऊन राहिले का, ते पण पाहा. आणि ज्यांना सह्याद्री, बातम्या न् जुने सिनेमे पुरतात त्यांनी डीडी फ्री डिश बसवा, डिश न् बॉक्सचे एकदाच पैसे, महिन्याचं काहीच नाही.

शेवटी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे, म्हणजे आपोआप कटणाऱ्या पैशांची यादी, उघडा. पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज येते पण आपण वाचत नाही. आमच्याकडे तिथे दोन ओटीटी निघाले, एक तर पोरीने परीक्षेच्या आधी लावलेलं, पाहत कोणीच नव्हतं. कॉलरट्यून, जोतिष असलं काही बॅलन्समधून कटत असेल तर १५५२२३ वर फोन करून बंद होते. सासूबाईंच्या फोनवर भक्तिगीतांचं असंच एक चालू होतं, त्यांना माहीतच नव्हतं, त्याच दिवशी बंद केलं.