समुद्रकाठच्या छोट्या गावात गोल्फला जाताय? आधी टी टाइम (खेळ सुरू करायची बुक केलेली वेळ), मग हॉटेल

बहुतेक जण आधी रूम बुक करतात आणि मग गोल्फ कोर्सला, म्हणजे मैदानाला, फोन लावतात, पण छोट्या गावात कोर्स एखादाच असतो आणि त्याच दिवशी तिथे क्लबची मॅच असली की सगळं प्लॅनिंग कोलमडतं, म्हणून आधी टी टाइम पक्का करा. आणि तो सकाळचाच घ्या हो! ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, मग दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि उंच मारलेला बॉल कुठच्या कुठे जातो. 18 होलच्या पूर्ण खेळाला चारेक तास लागतातच. काही ठिकाणी हँडिकॅप सर्टिफिकेट (तुमच्या खेळाची पातळी दाखवणारा दाखला) मागतात, तेही फोनवरच विचारून घ्या. विंडचीटर आणि जास्तीचे बॉल बॅगेत हवेतच.