पुरुषाच्या चढ्या आवाजाबद्दल लिहायचं कसं

परीक्षणात 'देवदूतासारखा आवाज' दिसला की मी सरळ पुढच्या परिच्छेदावर जाते. लिहिणाऱ्यानं काय ऐकलं, ते त्यातून कळतच नाही. 'बायकी' हा शब्द तर मी नव्या समीक्षकांच्या मजकुरातून न विचारता खोडते.

आधी एवढं ठरवा: स्वर उंच आहे, की तो लावायची तऱ्हा वेगळी आहे? 1972 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात इटालियन ऑपेरागायक पावारोट्टीनं एकाच गाण्यात नऊ वेळा वरचा 'सी' (पाश्चात्त्य संगीतातला, पुरुषाच्या गळ्याला अवघड असा उंच स्वर) लावला, तो भरल्या गळ्यानं. 1975 मध्ये बी जीज या पॉप बँडच्या 'नाइट्स ऑन ब्रॉडवे' गाण्याच्या शेवटाकडे त्यांचा गायक बॅरी गिबही उंच जातो, पण फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीचा भरला गळा सोडून लावलेल्या वरच्या आवाजात. दोघांनाही नुसतं 'उंच पट्टीचा गायक' म्हणून मोकळं झालात, तर वाचकाच्या हाती काय लागलं?

फॉल्सेटोत स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात आणि मुख्यतः त्यांच्या कडा कंप पावतात. पुष्कळदा ते पुरते मिटत नाहीत, मग स्वराबरोबर हवा निसटते. आवाज धूसर वाटतो तो त्यामुळे. तंतू नीट मिटवून गाणाऱ्याचा फॉल्सेटो मात्र टोकदार लागतो. काउंटरटेनर, म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणारे पुरुष, बहुतेक याच आवाजावर मेहनत घेतात, तेव्हा फॉल्सेटो म्हणजे नाजूकच, असं धरून चालू नका.

खरी मजा सांध्यात आहे, म्हणजे भरला आवाज सोडून गायक फॉल्सेटोत शिरतो त्या जागी. हेडफोन लावा, खालून वर चढणारी एखादी ओळ निवडा आणि आवाज नेमका कुठे पालटतो ते पकडा. तिथे जोर कमी होतो का? उघडा 'आ' हळूच 'ओ'कडे झुकतो का? गायक आधी श्वास चोरतो का? काही जण हा सांधा बेमालूम बुजवतात. योडेलिंगमध्ये, म्हणजे दोन आवाजांत झरझर उड्या मारत गाण्याच्या प्रकारात, तर तोच मुद्दाम वाजवून दाखवतात. मग लिहा: 'अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत वर जाताना आवाज अर्धा होतो, आणि तो ते झाकायला जात नाही.' हे वाक्य असलं की 'मधाळ' लिहायची गरजच उरत नाही.

विशेषणं त्यानंतर. 'टिपेचा' म्हणजे फक्त उंची; 'किनरा' म्हणजे बारीक आणि टोचरा; 'चिरका' आवाज खरोखर फाटला तरच. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज चढा आणि बारीक, पण त्याला किनरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उपमा द्यायचीच तर एकच द्या, आणि ती झोंबू द्या. 1837 मध्ये पॅरिसला ऑपेरागायक द्युप्रेनं वरचा 'सी' छातीतून लावला, तेव्हा संगीतकार रॉसिनीला गळा चिरलेला खच्ची कोंबडा आठवला म्हणतात. दुष्टपणा आहे खरा, पण आवाज कानात ऐकू येतो!

स्वराचं नाव लिहिणार असाल तर पेटीवर वाजवून खात्री करा. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तेही पुरत नाही. त्या सगळ्याच मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नसत, आणि तबकडी जलद फिरली की आवाज चढतो, बारीकही होतो. अशा वेळी गायकाच्या पट्टीबद्दल ठाम विधान करू नका. सांधा, श्वास आणि स्वराची फेक यांवरच लिहा.