टीम वैतागली आहे? मॅनेजरांनो, या चुका टाळा

गोव्यात पर्वरी, पाटो किंवा वेर्ण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर बहुधा कालपर्यंत स्वतः कोड लिहीत असतो. बढती मिळते, पण माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवत नाही.

टीमला न विचारता तारीख देणं. सगळ्यात महागात पडते ती ही चूक. कॉलवर क्लायंटला शब्द देऊन बसायचं आणि मग टीमला कळवायचं. त्यात नेमका चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, आठवडा निघाला की झालंच! निम्मी टीम पेडण्याला, सांग्याला मूळ घरी निघालेली, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचं, सामान आणायच्या गडबडीत. परदेशातल्या क्लायंटला चवथ ठाऊक नसेल, तुम्हाला तर असते.

विचारलं तरी घासाघीस होतेच. डेव्हलपर ८ दिवस म्हणतो, तुम्ही म्हणता ‘५ मध्ये बसव’. पुढच्या खेपेला तो १५ सांगतो आणि पोरं आळशी झाली असं तुम्हाला वाटतं. तसं काही नसतं, तुम्ही कापणार हे धरूनच तो आकडा सांगतो. दिवस कमी करायचे तर काम कमी करा. पेमेंट आधी हवं की रिपोर्ट, कुठला स्क्रीन पुढच्या महिन्यात चालेल, हे क्लायंटकडून ठरवून घ्या. टेस्टिंग आणि रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं) त्या ८ दिवसांत धरलेत का, तेही विचारा. बहुतेकदा धरलेले नसतात.

उशीर झाला की माणसं वाढवणं. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. ५ जणांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, ८ जणांत २८. शिवाय नवे लोक शंका विचारणार कुणाला? ज्याला आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही त्यालाच.

कोडच्या ओळी किंवा कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) मोजणं. ॲपलमध्ये १९८२ च्या सुमारास आठवड्याच्या फॉर्मवर लिहिलेल्या ओळींचा आकडा भरावा लागे. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी एक भाग नव्याने, सुटसुटीत लिहिला होता आणि त्यात सुमारे २००० ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी आकडा भरला उणे २०००! काही आठवड्यांनी त्यांना तो फॉर्म मागणंच बंद झालं.

स्टँडअपची, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगची, हजेरी करणं. स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या नियमात तिला १५ मिनिटं आहेत. पाऊण तास जात असेल तर टीम आपसात बोलत नाही, तुम्हाला हिशेब देते.

गप्प झालेल्याला समजूतदार समजणं. रिव्ह्यूमध्ये हिरिरीने वाद घालणारा माणूस हल्ली प्रत्येक गोष्टीला नुसतं ‘चालेल’ म्हणतोय? त्याचा बायोडाटा बहुधा अपडेट झालेला आहे. राजीनामा आल्यावर पगार वाढवून देण्यापेक्षा आजच त्याला एकट्याला गाठा आणि विचारा, ‘तुझ्या कामातलं काय काढून टाकू?’ तो जे सांगेल त्यातलं एक तरी त्याच आठवड्यात काढा.