चीन पाहायचाय? आधी तारखा, मग शहरं

आठ-दहा दिवसांत बीजिंग, शीआन, शांघाय एवढीच शहरं पुरेत. ल्हासाचा मोह या फेरीत सोडा. तिबेटला वेगळा परवाना लागतो, तोही एजन्सीमार्फतच. बीजिंग ते शांघाय हे सुमारे १३०० किलोमीटर अंतर वेगवान रेल्वे साडेचार ते सहा तासांत कापते. विमानतळावरची धावपळ धरली तर रेल्वेच बरी. तिकीट पासपोर्टवर निघतं, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. विक्री साधारण १५ दिवस आधी सुरू होते.

बीजिंगमधली फॉरबिडन सिटी, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा, एरवी सोमवारी बंद असते आणि रोजची तिकिटं मोजकीच. त्यामुळे रविवारी रात्री पोहोचून सोमवारी तिथे जायचा बेत आखू नका. १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा आणि चिनी नववर्ष हे काळ तर टाळाच. दिवाळीतला आपला एसटी स्टँड आठवा, आणि तो देशभर पसरलाय असं समजा.

गूगल मॅप्स आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत. अलीपे हे तिथलं पैसे द्यायचं ॲप घरूनच सुरू करून, कार्ड जोडून ठेवा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत कागदावर घ्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला.