समुद्राच्या पाण्यावर कारखाने चालवताना: निःक्षारीकरणात नव्याने येणाऱ्यांसाठी

केमिकलचा डिप्लोमा, बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा आयटीआयचा एओसीपी (रासायनिक कारखान्यातल्या ऑपरेटरचा) ट्रेड करून निःक्षारीकरण प्रकल्पात, म्हणजे समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात येणारी मुलं आल्या आल्या मेम्ब्रेनबद्दल, म्हणजे पाणी जाऊ देऊन क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्याबद्दल विचारतात. गुजरातच्या किनाऱ्यावर या कामात काही वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय, की शिकायला सुरुवात समुद्रापासून करावी. मेम्ब्रेनचं गणित ते बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर मांडून देतं. समुद्र मात्र तिथीगणिक बदलतो.

रिफायनरी, रासायनिक कारखाने, वीजकेंद्रं यांना पाणी बाराही महिने आणि ठरलेल्या दर्जाचं लागतं. नदीच्या पाण्यावर पहिला हक्क गावांचा आणि शेतीचा आहे, तो तसाच राहायला हवा. म्हणून दहेजच्या उद्योगांसाठी दिवसाला १० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. मुंबई महापालिकेने मनोरीला आखलेला प्रकल्प पिण्याच्या पाण्यासाठी आहे, पण त्यामागचं तंत्र हेच.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरपर्यंत जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तळाचा गाळ ढवळून वर येतो, अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी मंद असते तेव्हा) पाणी त्या मानाने निवळतं. कोकणातून आलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. कंट्रोल रूममध्ये तिथ्यांचं कॅलेंडर लावा, आणि उधाण चढायच्या आधीच क्लॅरिफायरमध्ये (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीत) गाळ गोळा करायला घालायच्या फेरिक क्लोराइडचा डोस जार टेस्ट करून, म्हणजे छोट्या भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघून ठरवा. गढूळपणा वाढल्यावर धावाधाव करणारी शिफ्ट पुढचे दोन दिवस फिल्टर बॅकवॉश करत (उलटं पाणी सोडून धुत) बसते.

लॅबमधली एसडीआय चाचणी (पाण्यातला बारीक गाळ मेम्ब्रेन किती तुंबवेल हे सांगणारी) स्वतःच्या हाताने करायला शिका. ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून सुमारे २ बार दाबाने पाणी सोडायचं. ५०० मिलिलिटर भरायला सुरुवातीला किती सेकंद लागले आणि १५ मिनिटांनी किती, यावरून आकडा निघतो. मेम्ब्रेनवाले ५च्या आत मागतात, आपण ३च्या आत ठेवावा. आकड्याइतकाच तो कागदही बोलतो. तांबूस डाग दिसला तर फेरिक पुढे वाहून येतंय, हिरवट असेल तर शेवाळ. मी हे कागद तारीख घालून वहीत चिकटवतो. नव्या माणसाला त्या वहीतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मॅन्युअलमधून कळत नाही.

आता क्लोरीन. इनटेकच्या (समुद्रातून पाणी आत घेणाऱ्या) पाइपात शिंपले आणि शेवाळ वाढू नये म्हणून तो लागतो, पण पॉलिअमाइड मेम्ब्रेनला तो जाळतो. त्यामुळे मेम्ब्रेनच्या आधी सोडियम मेटाबायसल्फाइटने तो पूर्ण मारायचा आणि क्लोरीन उरलाय का ते दाखवणाऱ्या ओआरपी मीटरवर नजर ठेवायची. ओआरपीचा ट्रिप (आकडा चढला की प्रकल्प आपोआप थांबवणारी सोय) बायपास करायला कोणीही सांगितलं, कितीही वरचा माणूस असला, तरी करू नका. क्लोरीनने गेलेलं मेम्ब्रेन सीआयपी करून, म्हणजे जागच्या जागी रसायनाने धुऊन परत येत नाही.

उच्च दाबाच्या पंपाचं कारणही समजून घ्या, पाठ करू नका. लिटरमागे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा ऑस्मोटिक दाब, म्हणजे त्यातून गोडं पाणी काढायला आधी ओलांडावा लागणारा दाब, साधारण २७ बार. त्यातलं ४० टक्के पाणी गोडं करून काढलं की उरलेलं ५८,००० च्या पुढे जातं आणि त्याचा दाबही त्या प्रमाणात चढतो. म्हणून पंप ५५ ते ७० बारवर चालतो. रिजेक्टमध्ये (मेम्ब्रेनमधून न गेलेल्या दाट खाऱ्या पाण्यात) शिल्लक राहिलेला दाब प्रेशर एक्स्चेंजर नव्या पाण्याला देतो, त्यामुळेच हजार लिटरला ३ ते ४ युनिट विजेत काम भागतं. या दाबाच्या खाऱ्या पाण्याला ३१६ स्टीलही पुरत नाही, गॅस्केटखाली फटीत गंज धरतो. सुपर डुप्लेक्स नावाचं गंजाला दाद न देणारं स्टील महाग का असतं, ते असा एक फ्लॅंज उघडून पाहिला की पटतं.

पुढे ग्राहक काय मागतो ते पाहा. पहिल्या पासचं, म्हणजे मेम्ब्रेनमधून एकदाच गेलेलं पाणी कूलिंग टॉवरला चालतं. उच्च दाबाच्या बॉयलरला दुसरा पास आणि त्यापुढे मिक्स्ड बेड (उरलेसुरले क्षार रेझिनने काढणारी टाकी) लागतो, तिथे सिलिका अब्जात २० भागांच्या आत मागतात. काही प्रक्रियांना बोरॉन चालत नाही. समुद्रात तो लिटरला साडेचार-पाच मिलिग्रॅम असतो आणि भाररहित बोरिक आम्लाच्या रूपात मेम्ब्रेनमधून निसटतो. दुसऱ्या पासआधी कॉस्टिक देऊन पीएच १०च्या आसपास नेला की तो अडतो.

रिजेक्टचं काम कोणी आवडीने मागत नाही, ते तुम्ही मागून घ्या. ते दाट खारं पाणी डिफ्यूझरमधून पसरून समुद्रात नीट मिसळतंय की नाही, हे त्याच पाण्यात जाळं टाकणाऱ्यांच्या पोटाशी जोडलेलं आहे. तिथल्या क्षारतेचे आकडे केबिनमध्ये बसून भरले जाऊ नयेत. नमुना होडीतून जाऊनच घ्यायचा.

मुलाखतीला जाताना कल्पाक्कमच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रकल्पाबद्दल वाचून जा. एकाच जागी एमएसएफ (समुद्राचं पाणी उष्णतेने वाफ करून गोडं करणारी) आणि आरओ (मेम्ब्रेनची) अशा दोन्ही पद्धती तिथे आहेत, त्यामुळे तुलना करून बोलता येतं. रुजू झाल्यावर पहिले सहा महिने आरओ हॉलऐवजी इनटेक आणि लॅबमध्ये ड्यूटी मागा. बहुतेक ठिकाणी तिथे माणसं कमीच असतात, त्यामुळे नाही म्हणत नाहीत.