हंगामातलं फळ ऐन चवीत कसं खावं?

हंगामाचं फळ हौसेनं आणतो, घाईत कापतो, गार-गार खातो आणि 'बरं आहे' म्हणून मोकळे होतो. बऱ्याचदा दोष फळाचा नसतो. कधी ते दोन दिवस आधी कापलेलं असतं, कधी नको तिथे ठेवलेलं असतं, कधी इतकं थंड असतं की जिभेला त्याचा पत्ताच लागत नाही. साध्या फळातून आणि ताज्या भाजीतून मिळणारा आनंद मला फार मोलाचा वाटतो. त्यासाठी स्वयंपाकाचं कौशल्य लागत नाही, थोडं लक्ष आणि थोडा धीर पुरतो.

1. पहिल्या मालावर झडप घालू नका

हंगाम सुरू होताच बाजारात दिसणारा माल पुष्कळदा लवकर तोडलेला असतो, कारण पहिल्या मालाला भाव चढा मिळतो. थोडं थांबा. ढीग मोठे होतात, भाव उतरतो, गाडीजवळून जाताना वास येऊ लागतो, तेव्हा फळ ऐन भरात आलेलं असतं.

2. तोडल्यावर पिकणारी आणि न पिकणारी फळं ओळखा

ही एक गोष्ट कळली तरी निम्मी निराशा टळते. केळी, आंबा, पेअर, पीच, पपई, टोमॅटो, अ‍ॅव्होकाडो ही फळं झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतात. इथिलीन नावाचा वायू ती स्वतःच तयार करतात आणि त्याच्याच प्रभावानं मऊ, सुगंधी होतात. ही थोडी कडक आणली तरी चालतात. पिकायची घाई असेल तर कागदी पिशवीत सफरचंदाबरोबर किंवा पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवून तोंड दुमडा, म्हणजे वायू आत कोंडून राहतो. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम सुटून बुरशी धरते.

द्राक्षं, स्ट्रॉबेरी, चेरी, संत्री, अननस, डाळिंब यांचं तसं नाही. तोडली तेव्हा जितकी गोड होती त्याहून ती गोड होत नाहीत. आंबट द्राक्षं आठवडाभर ठेवली तर सुकतात, आंबटपणा मात्र जात नाही. म्हणून ही फळं घेतानाच चोखंदळपणा करायचा.

पेअरबद्दल एक वेगळी सूचना. ते आतून बाहेर पिकत येतं, त्यामुळे पोट मऊ लागेपर्यंत वाट पाहिली तर गाभा पिठूळ झालेला असतो. देठाजवळची मान अंगठ्यानं हलकेच दाबा. तिथे किंचित दबलं की त्याच दिवशी खा.

3. घेताना नाक आणि हात वापरा

रंगावर फार भिस्त ठेवू नका. लिंबूवर्गातली दोन सारख्या आकाराची फळं दोन हातांत घ्या, जड लागेल त्यात रस जास्त. अननसाचा बुडाकडून वास घ्या. द्राक्षांचा देठ हिरवा आणि लवचिक हवा. मण्यांवरची पांढुरकी झाक नैसर्गिक मेणाची असते, ती जशीच्या तशी असेल तर घड फारसा हाताळलेला नाही. कलिंगड उलटं करून जमिनीला टेकलेल्या जागेचा डाग बघा. तो लोण्यासारखा पिवळा असेल तर फळ वेलावर पुरेसं राहिलंय, पांढरा किंवा हिरवट असेल तर घाईनं तोडलंय. टिचकी मारून आवाज ओळखणारेही असतात, पण मला हा डाग जास्त भरवशाचा वाटतो.

4. घरी आल्यावर सगळं फ्रिजमध्ये कोंबू नका

टोमॅटोचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. 2016 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो आठवडाभर 5 अंश सेल्सियसला ठेवून तपासले. साखर आणि आंबटपणा फारसा बदलला नव्हता, पण सुगंध देणारी द्रव्यं बरीच घटली होती. थंडीमुळे ती बनवणारी जनुकं मंदावतात आणि फळ पुन्हा बाहेर ठेवल्यावरही सुगंध पुरता परतत नाही. तेव्हा टोमॅटो देठाची बाजू खाली करून, ऊन लागणार नाही अशा जागी ओट्यावरच ठेवा. अगदी पिकून फुटायला आले आणि आज खाणं शक्य नसेल, तरच एखाद-दोन दिवस फ्रिज. केळ्यालाही 13 अंशांखालची थंडी सोसत नाही. साल काळी पडते आणि कच्चं केळं नीट पिकतच नाही.

स्ट्रॉबेरीसारखी नाजूक फळं मात्र फ्रिजमध्येच हवीत, न धुता. धुवायची ती खायच्या वेळी, आणि देठ काढायचा तो धुतल्यावर, नाहीतर पाणी आत शिरतं.

मक्याचं कणीस आणि ओला वाटाणा यांची गोष्टच निराळी. तोडल्या क्षणापासून त्यांच्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो आणि उष्णता जितकी जास्त तितका वेग जास्त. साध्या गोड मक्याची तिशीच्या तापमानात एका दिवसात निम्म्याच्या आसपास साखर जाते. नव्या अतिगोड जाती जास्त टिकतात, पण आपण घेतलं ते कुठल्या जातीचं हे सहसा कळत नाही. म्हणून कणीस सोललेलं घेऊ नका. वरची पानं हिरवीगार आणि अंगाशी घट्ट असावीत, टोकाचे केस तपकिरी पण ओलसर असावेत. नखानं एक दाणा फोडा, दुधी रस उडाला पाहिजे. घरी आणलं की पानांसकट फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं पुरे. जास्त शिजवलं की दाणा निबर होतो.

5. खायच्या आधी गारवा उतरू द्या

गोडाचा निरोप पुढे पोहोचवणारी जिभेवरची यंत्रणा तापमानाप्रमाणे चालते. 15 अंशांच्या आसपास ती मंद असते आणि 35 अंशांपर्यंत तिचा जोर वाढत जातो. वितळलेलं आइस्क्रीम अति गोड लागतं ते यामुळेच. फ्रिजमधलं फळ अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. कलिंगड थोडं गार छान लागतं, ती ज्याची त्याची आवड.

कापायचं ते अगदी खायच्या वेळी. वर चिमूटभर मीठ टाकून बघा. मीठ कडवट छटा दाबतं, त्यामुळे गोडवा आपोआप वर येतो. टोमॅटोच्या जाड चकतीवर मीठ घालून पाच मिनिटं थांबा, तिला पाणी सुटेल. ते टाकू नका, तेही चकतीबरोबर खा. एरवी फळावर साखर, क्रीम, सरबत ओतायच्या मी विरोधात आहे. ऐन हंगामात त्याची गरजच पडत नाही.

घास तोंड मिटून चावा आणि नाकानं श्वास सोडा. चव म्हणून जे आपल्याला जाणवतं त्यातला मोठा वाटा घशामागून नाकात पोहोचणाऱ्या वासाचा असतो. फोन बाजूला ठेवा.

6. थोडं वाढा

एकच पदार्थ खात राहिलं की त्याच्यापुरती गोडी उतरते, बाकीच्या पदार्थांची मात्र टिकून असते. म्हणून एकाच फळाची वाटी भरण्यापेक्षा दोन-तीन फळं थोडी-थोडी घ्या. मऊ फळाशेजारी करकरीत, गोडाशेजारी आंबट.

7. उरलेलं गोठवा, पण पद्धतीनं

फळं धुऊन पूर्ण कोरडी करा, ताटात एकमेकांना न चिकटवता पसरा, फ्रीजरमध्ये टणक होऊ द्या आणि मगच पिशवीत भरून हवा काढा. थेट पिशवीत भरली तर एकच ढेकूळ होतं. वाटाणे आधी दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. असं केलं नाही तर त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) उणे 18 अंशांतही हळूहळू काम करत राहतात आणि चव, रंग दोन्ही बिघडतात. गोठवलेली स्ट्रॉबेरी वितळल्यावर पिचपिचीत होते, ती तशी खाण्यापेक्षा जॅम, स्मूदी किंवा केकसाठी ठेवा. पिशवीवर तारीख लिहा आणि वर्षभरात, नवा माल येण्याआधी संपवा.