वाचताना भरकटणारे मन कसे ओळखावे आणि वाचलेले लक्षात कसे ठेवावे

डोळे ओळींवरून नेमाने सरकत असतात, पान उलटलेही जाते, आणि मग ध्यानात येते की मागच्या दोन परिच्छेदांतले काहीच डोक्यात शिरलेले नाही. मन भरकटणे आणि ते भरकटल्याचे भान येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, ही मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्कूलर यांची मांडणी इथे फार उपयोगी पडते. ‘लक्ष देऊन वाचा’ हा सल्ला तोकडा पडतो तो याचमुळे, कारण मन जिथे जाते तिथे त्याच्यावर नजर ठेवणारा पहारेकरीही त्याच्यासोबत निघून गेलेला असतो. हटकण्याची सोय बाहेरूनच करावी लागते.

त्यासाठी संशोधक वापरतात तीच पद्धत घरी वापरता येते. वाचायला बसण्यापूर्वी फोनवर चार-पाच गजर लावावेत, पण त्यांमधले अंतर सारखे नसावे, कारण ठरावीक वेळेने होणाऱ्या गजराची मन आधीच वाट पाहू लागते. गजर होताच, त्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय चालले होते, ते एका ओळीत लिहावे. नोंद इतकी साधी असली तरी चालेल: ‘तिसरा परिच्छेद, उद्याच्या मुलाखतीचा विचार, भान नव्हते.’ यातले शेवटचे दोन शब्द सर्वांत मोलाचे आहेत, तेव्हा ते कंटाळा करून गाळू नयेत. विचार मुद्दाम दुसरीकडे वळवला असेल तर तसेही नोंदवावे. अशा नोंदी वाढू लागल्या की बहुधा विश्रांतीची किंवा वाचनाचा विषय बदलण्याची वेळ झालेली असते.

नोंदी पाहून खट्टू होऊ नये. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली 2250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून असेच प्रश्न विचारले, तेव्हा 46.9 टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामाव्यतिरिक्त दुसऱ्याच कशात तरी होते.

गजराने भटकणे कळते. ते कमी करायचे तर मजकुराचे लहान भाग पाडून प्रत्येक भागानंतर स्वतःची परीक्षा घ्यावी. कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 21 मिनिटांचे चित्रित व्याख्यान चार भागांत दाखवले, आणि ज्यांची प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी घेतली त्यांचे मन इतरांच्या तुलनेत जवळपास निम्म्यानेच भरकटले. म्हणून दोन-तीन पाने झाली की पुस्तक मिटावे आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर, स्वतःच्या शब्दांत, चुकले तरी चालेल अशा बेताने लिहावे. अडले म्हणून लगेच पुस्तक उघडू नये. आठवण्यासाठी मनाला पडणारा तो ताणच स्मरण पक्के करतो. लिहून झाल्यावर मात्र मूळ मजकुराशी ताडून चुका दुरुस्त कराव्यात, नाहीतर चुकीचेच पक्के होते.

पुन्हा वाचणे सोपे वाटते आणि लगेच फळही देते, म्हणूनच ते फसवे आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या 2006 सालच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्यानंतर त्यांना 42 टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या समाधानावर विसंबू नये. आठवड्याने पुस्तक न उघडता तोच मजकूर पुन्हा लिहून पाहावा, आणि जे निसटले असेल तेवढेच वाचावे.